डेड स्टॉकमध्ये जमा झालेलं शिक्षण

मुलाखतीला कुणी आलं की मी त्याची फाइल बाजूला ठेवतो आणि टेबलावर तीन वस्तू मांडतो. हातभर कॅट-सिक्स केबल, क्रिम्पिंग टूल आणि चार-पाच आरजे-४५ कनेक्टर. म्हणतो, ‘एक टोक मारून दे.’ गेल्या खेपेला अकरा जण आले होते. बहुतेक डिप्लोमा नाहीतर बीएस्सी आयटी, एक जण एमसीए. फर्स्ट क्लासच्या खाली कुणीच नाही. अकरांतल्या दोघांनी टोक मारलं. बाकीच्यांनी रंगांचा क्रम बिनचूक म्हणून दाखवला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग टूल उचललं आणि केबल कुठून आत घालायची ते शोधत बसले. एका मुलीचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘सर, आमच्याकडे टूल एकच होतं. ते सरच वापरून दाखवायचे.’

हा लेख त्या मुलीच्या बाजूनं आहे आणि तिला पास करणाऱ्या कॉलेजच्या विरोधात आहे.

गेली बावीस वर्षं मी एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतो. चारशेच्या आसपास कॉम्प्युटर, तीस-बत्तीस स्विच, पाच मजले, एक सर्व्हर रूम आणि रात्री दोनला वाजणारा फोन. या कामाला माणसं लागतात आणि ती आपल्याच जिल्ह्यातल्या कॉलेजांतून यायला हवीत. कॉलेजं भरपूर आहेत. दरवर्षी शेकडो मुलं ‘कॉम्प्युटर नेटवर्क’ नावाचा विषय पास होऊन बाहेर पडतात. आणि मला प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवावं लागतं, कारण कॉलेजनं त्यांच्याकडून फी घेतली, हजेरी घेतली, जर्नलं लिहून घेतली आणि त्यांच्या हाताला काम मात्र लागू दिलं नाही.

केबल जमली की मी दुसरा प्रश्न विचारतो. ‘बिलिंग काउंटरच्या मशीनला नेट नाही. तू आयपीकॉन्फिग मारलंस. पत्ता दिसला १६९.२५४ नं सुरू होणारा. पुढं काय करशील?’ यात अवघड काही नाही. विंडोजला डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही की ते स्वतःच असा पत्ता लावून घेतं. म्हणजे नेटवर्क कार्ड जिवंत आहे, पण पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत हाक पोचली नाही किंवा त्याचं उत्तर परत आलं नाही. मग बघायचं: शेजारच्या मशीनला पत्ता मिळतोय का, केबल बरोबर पोर्टात आहे का, तो पोर्ट भलत्याच व्हीलॅनमध्ये तर नाही ना, सर्व्हरकडचे पत्तेच संपलेत का. मुलं काय सांगतात? डीएचसीपीचा फुल फॉर्म. त्याचे चार टप्पे: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक्नॉलेज. चार मार्कांचं उत्तर, आकृतीसकट, घडाघडा. ते चार टप्पे अडकले तर पडद्यावर काय दिसतं, हे त्यांना कुणी कधी दाखवलेलंच नाही. चालू असलेली यंत्रणा पाठ करून घेतली आणि बंद पडलेली यंत्रणा लपवून ठेवली. आमचा तर सगळा धंदाच बंद पडलेल्या यंत्रणेचा आहे.

असं का होतं ते मी आतून पाहिलंय. एका कॉलेजात तीन वर्षं एक्स्टर्नल म्हणून ओरल घ्यायला गेलो. नेटवर्क लॅबमध्ये काचेचं कपाट, कपाटाला कुलूप. आत दोन राउटर आणि दोन मॅनेज्ड स्विच, कंपनीच्या प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातलेला. शेजारी निळी चपटी कन्सोल केबल, कारखान्यातून येताना जी तार पिळलेली असते त्या तारेसकट. ती तार सुटलेली नव्हती, म्हणजे ती केबल आणल्यापासून कुणी एकदाही राउटरला लावलेली नव्हती. मी चावी मागितली. लॅब असिस्टंट म्हणाला, ‘सर, ते कमिटीसाठी आहे.’ तीनही वर्षं तेच कपाट, तेच कुलूप, तीच पिळलेली तार. आणि समोर ठेवलेल्या पन्नास-साठ जर्नलांत ‘राउटर कॉन्फिगरेशन’ या प्रयोगाखाली निरीक्षणं लिहिलेली, निष्कर्ष लिहिलेला, खाली सही आणि ‘सर्टिफाइड’चा शिक्का.

असल्या जर्नलवर सही करणं म्हणजे खोटा दाखला देणं आहे. मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

तरीही माझा राग त्या असिस्टंटवर नाही, शिकवणाऱ्या सरांवर तर नाहीच. ते सर तासिका तत्त्वावर होते. तासाला पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी घेतील की नाही याचा भरवसा नाही. त्यांच्या डोक्यावर डेड स्टॉक रजिस्टर. ज्यांनी सरकारी किंवा अनुदानित संस्थेत काम केलंय त्यांना हे रजिस्टर माहीत आहे. खरेदी केलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात नंबरानं चढते. ती मोडली, जळली, हरवली की कुणाच्या ताब्यात होती हे आधी विचारलं जातं. ती रजिस्टरमधून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, मंजुरी, आणि वस्तू तोवर कोपऱ्यात पडून. पोरांच्या हातात दिलेला स्विच बिघडणारच, कारण ती पोरं आहेत आणि शिकतायत. पण तो बिघडला तर सरांना खुलासा द्यावा लागतो, वसुलीची भीती असते. वर्षभर कपाटात राहिला तर मात्र कुणी काही विचारत नाही. मग कुठला शहाणा माणूस कुलूप काढेल? आपण मुलांच्या शिकण्याची व्यवस्था हिशेब तपासनिसाच्या सोयीनं लावली आहे, आणि वर त्याला प्रयोगशाळा म्हणतो.

याच्या उलट आयटीआयमधल्या फिटरच्या वर्कशॉपमध्ये जा. तिथं पहिले कित्येक आठवडे मुलगा लोखंडाचा तुकडा कानशीनं घासतो. वाकडा घासतो, जादा घासतो, तुकडा वाया जातो, दुसरा मिळतो. जॉब तयार झाला की निदेशक त्यावर गुण्या लावतो, व्हर्नियरनं माप घेतो आणि चुकला असेल तर परत देतो. वाया जाणारं लोखंड हा तिथं शिक्षणाचा खर्च मानला जातो. देशात कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५०पासून चालू आहे आणि तिच्या दोषांवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण हात चालल्याशिवाय कसब येत नाही एवढं तिला पहिल्यापासून कळलेलं आहे. त्याच आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास मुलाला घेता येतो. तो जिथं नीट चालतो तिथली मुलं मी डोळे झाकून घेतो. पण आमच्या समाजात आयटीआय म्हटलं की नाक मुरडतात. बाप म्हणतो, पोरगं डिग्रीच करेल. आणि डिग्रीच्या कॉलेजात त्या पोराला आरजे-४५ कनेक्टरसुद्धा मोजून देतात. पाच-सात रुपयांची वस्तू! वर्षाला हजारोंनी फी भरणाऱ्या मुलाला दहा कनेक्टर वाया घालवायची मुभा नसेल, तर ती फी जाते तरी कुठं?

आता अभ्यासक्रमाचं बघू. आयपी पत्त्यांचे क्लास ए, बी, सी हा प्रश्न प्रत्येक पेपरात, प्रत्येक ओरलमध्ये. पहिल्या आकड्यावरून क्लास ओळखा, डिफॉल्ट मास्क सांगा. ही वर्गवारी इंटरनेटनं १९९३ साली सोडली आणि सीआयडीआर पद्धत आणली. इतिहास म्हणून एक तास सांगा, माझी ना नाही. पण मुलं तीच खरी धरून येतात. १० नं सुरू होणारा पत्ता आणि त्याला स्लॅश चोवीसचा मास्क दिसला की म्हणतात, ‘सर, हे चुकलंय, हा क्लास ए आहे.’ माझं अख्खं हॉस्पिटल त्या ‘चुकी’वर चालतं. त्यांच्या खिशातल्या जिओच्या फोनला आयपीव्हीसिक्सचा पत्ता असतो. तो उघडून बघा असं त्यांना तीन वर्षांत कुणी म्हटलेलं नसतं.

आणि ते सात थर. ओएसआय मॉडेल, १९८४चं मानक. ज्या प्रोटोकॉलसाठी ते मांडलं ते चाललेच नाहीत, जगानं टीसीपी/आयपी घेतलं. तरीही हे मॉडेल माझ्या रोजच्या कामाचं आहे, आणि नेमकं ते काम कॉलेज शिकवत नाही. सात थर म्हणजे बिघाड शोधायची शिडी आहे. खालून चढायचं. दिवा लागलाय का? केबल बदलून बघ. स्विचला मशीनचा मॅक पत्ता दिसतोय का? आयपी मिळालाय का? गेटवेला पिंग जातोय का? नावानं जात नाही पण आकड्यानं जातो, मग डीएनएस बघ. सगळं जातंय आणि तरी प्रोग्रॅम उघडत नाही, मग फायरवॉल, मग प्रोग्रॅम. या क्रमानं गेलं की दहातली नऊ दुखणी पंधरा मिनिटांत सापडतात. मुलांना थरांची नावं खालून वर आणि वरून खाली पाठ असतात, प्रत्येकाची कामं मुद्देसूद येतात. ती शिडी आहे, तिच्यावर पाय ठेवायचा असतो, हे सांगणारा एक मास्तर त्यांना भेटलेला नसतो. डिप्लोमाच्या स्कीमचं अक्षर बदलतं, आय जाते, के येते. सात थरांवरचा सात मार्कांचा प्रश्न हलत नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय बिघडतं? पोरं नोकरीत शिकतात की. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्समध्ये काय झालं ते आठवा. रॅन्समवेअरनं पाच सर्व्हर गाठले, १.३ टेराबाइटच्या आसपास डेटा कुलूपबंद झाला. देशातल्या नावाजलेल्या सरकारी हॉस्पिटलात कित्येक दिवस केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज सगळं हातानं लिहिलं गेलं. सरकारनं संसदेत त्याचं कारण सांगितलं: नेटवर्कची नीट विभागणी केलेली नव्हती. ही विभागणी म्हणजेच आमच्या अभ्यासक्रमातलं व्हीलॅन, सबनेट, अ‍ॅक्सेस लिस्ट. दोन मार्कांची व्याख्या. माझ्या हॉस्पिटलात एक्स-रेची मशीन, बिलिंग आणि पाहुण्यांचं वायफाय वेगवेगळ्या विभागांत ठेवायला मला दोन वर्षं भांडावं लागलं, आणि ते करताना माझ्या हाताखालच्या दोन पदवीधरांना व्हीलॅनची व्याख्या येत होती, पोर्ट व्हीलॅनमध्ये टाकता येत नव्हता. एम्सची बातमी आली त्या रात्री मी झोपलो नाही. आमच्या बॅकअपच्या डिस्क उघडून फाइली परत येतात का ते बघत बसलो. मुलाखतीत मी हेही विचारतो: ‘बॅकअप घेतलायस. तो परत कधी उतरवून बघितलास?’ अजून एकानंही हो म्हटलेलं नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, लॉग १८० दिवस जपावे लागतात, सगळ्या यंत्रणांची घड्याळं एका वेळेवर लावावी लागतात. हे करणार कोण? गावोगावच्या पतसंस्था, दवाखाने, कारखान्यांची ऑफिसं, बाजार समित्या. तिथं बसलेला एकुलता एक कॉम्प्युटरवाला मुलगा. त्याला लॉग कुठं असतो हे दाखवायची जबाबदारी कॉलेजनं घेतली नाही, मग ती कुणाची?

खरं दुखणं याच्याही खाली आहे. कॉलेजांना हे काम हलकं वाटतं. प्लेसमेंट ऑफिसर भर वर्गात सांगतो, ‘सपोर्टला अडकू नका, डेव्हलपमेंटला जा.’ मग सपोर्टची नोकरी लागलेल्या मुलाचा फोटो फ्लेक्सवर येत नाही. मुलगाही घरी सांगताना ‘आयटीत आहे’ एवढंच सांगतो. १९ जुलै २०२४ला या हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाची किंमत साऱ्या जगाला कळली. एका सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. कंपनीनं ते अपडेट दीड तासाच्या आत मागं घेतलं, पण जी मशीन पडली होती त्यांतल्या बहुतेकांपर्यंत ती दुरुस्ती पोचायलाच मार्ग नव्हता. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि उपाय काय होता? बहुतेक ठिकाणी माणसानं मशीनपाशी जायचं, सेफ मोडमध्ये चालू करायचं, एक फाइल पुसायची, पुन्हा चालू करायचं. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की शोधून हातानं भरायची. मग पुढचं मशीन. मग त्याच्या पुढचं. त्या दिवशी जग पुन्हा उभं केलं ते सपोर्टच्या पोरांनी, खुर्चीखाली वाकून, एकेक मशीन करत. या पोरांना हलकं म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासमोर उभं राहून ते म्हणून दाखवावं.

या कामातलं सगळ्यात नाजूक कौशल्य तर अभ्यासक्रमात नावालाही नाही. ‘कम्युनिकेशन स्किल’ आहे: इंग्रजीत अर्ज लिहा, ग्रुप डिस्कशन करा, टाय बांधा. माझ्या फोनवर कोण असतं ते ऐका. रात्री अडीच वाजता आयसीयूमधल्या सिस्टर म्हणतात, ‘अहो, सगळं बंद पडलंय, पेशंट घ्यायचाय, लवकर या.’ सगळं म्हणजे काय? कॉम्प्युटर, प्रिंटर, की नुसतं लॉगिन? हे विचारायचं, पण माणूस आधीच घाबरलेला आहे, त्याला आणखी घाबरवायचं नाही. ‘सिस्टर, मी लाइनवरच आहे, ठेवत नाही. पडद्यावर जे दिसतंय ते मला वाचून दाखवा. बरं. आता मॉनिटरच्या मागं नको, खाली डब्याच्या मागं बघा, केबल घुसते तिथं हिरवा दिवा आहे का? लुकलुकतोय? छान. शेजारच्या मशीनवरून पेशंट घेता येतोय का? मग आधी तो घ्या, हे मी बघतो.’ कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, कुठं थांबायचं, आणि पेशंट आधी, मशीन नंतर हे कधीही विसरायचं नाही. नव्या मुलाला मी पहिले पंधरा दिवस फक्त हे ऐकायला बसवतो. तो फोनवर म्हणतो, ‘मॅडम, तुमचा आयपी सांगा.’ बिचाऱ्याला दुसरं काही बोलता येत नाही, कारण आपल्याच भाषेत एखाद्या त्रासलेल्या माणसाला धीर देत माहिती कशी काढायची, हे शिकवण्यालायक आहे असंच त्याच्या कॉलेजला वाटलेलं नाही.

मग कॉलेजनं जे दिलं नाही ते विकायला क्लासवाले बसलेत. नेटवर्किंगची सीसीएनए परीक्षा तीनशे डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर, क्लासची फी वेगळी. परीक्षा चांगली आहे, माझा तिला विरोध नाही. पण तिथंही फुटलेल्या प्रश्नांचे डम्प फिरतात आणि पोरं तेच पाठ करून येतात, कारण बारा-पंधरा वर्षं त्यांना पाठांतराखेरीज काही सांगितलेलंच नाही. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी आली, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. कागदावर उत्तम. माझ्याकडे दर सत्राला मुलं येतात आणि म्हणतात, ‘सर, फक्त सर्टिफिकेट मिळेल का? यायला जमणार नाही, लेक्चरची हजेरी आहे.’ मी नाही म्हणतो. ती कुठून तरी सर्टिफिकेट आणतात आणि कॉलेज ते घेतं. शेताचा तुकडा विकून किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून पोराला शिकवणाऱ्या बापाला यातलं काहीच माहीत नसतं. तो दोनदा पैसे भरतो, आणि पोरगं कुठल्याशा ठेकेदाराच्या पगारपत्रकावर तेरा हजारांत फील्ड इंजिनिअर होतं.

पैसा नाही, हे कॉलेजनं मला सांगू नये. पॅकेट ट्रेसर फुकट आहे. लिनक्स फुकट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला आणि कितीतरी ऑफिसांतली चालू मशीन अडगळीत गेली. माझ्याकडचीच चाळीस मशीन आणि सहा जुने स्विच मी त्या कपाटवाल्या कॉलेजला देऊ केले. फुकट, माझ्या गाडीतून पोचवतो म्हणालो. प्राचार्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘बिल नाही, मग डेड स्टॉकला कसं लावायचं? ऑडिटला निघेल.’ मी म्हटलं, ‘लावूच नका. ती मोडण्यासाठीच आहेत.’ ते गप्प बसले.

ती मशीन आता माझ्या सर्व्हर रूमच्या शेजारच्या खोलीत आहेत. कनेक्टर टेबलावर ठेवून डोळे पुसणारी ती मुलगी मी घेतली. रोज सकाळी एक तास मी तिथं काहीतरी बिघडवून ठेवतो. कधी रॅम अर्धवट बसवतो, कधी डीएचसीपी बंद करतो, कधी केबलमधली एक जोडी तोडतो, कधी एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचला लावून लूप करतो आणि सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागतात. ती शोधते. पहिल्या आठवड्यात तिनं दोन पॉवर सप्लाय जाळले आणि एक डबाभर कनेक्टर फेकले. सहाव्या आठवड्यात ओपीडीचा अख्खा मजला बंद पडला तेव्हा मी गावाला होतो. तिनं फोनवर मला विचारलं नाही, नंतर सांगितलं. एका रिसेप्शनिस्टनं लोंबणारी केबल ‘नीट’ म्हणून मोकळ्या पोर्टात खोचली होती. तिनं बावीस मिनिटांत लूप शोधला आणि रजिस्टरमध्ये वेळ, पोर्ट नंबर, कारण सगळं लिहून ठेवलं. सहा आठवडे. तिच्या कॉलेजकडे तीन वर्षं होती.

यंदाही एक्स्टर्नलचं पत्र आलं आहे. दोन दिवस, चौसष्ट मुलं. मी उत्तर पाठवलं: येतो, पण जर्नलवर ओरल घेणार नाही. सकाळी आठला चार बिघडलेली मशीन आणि दोन स्विच घेऊन येईन, प्रत्येक मुलाला एक बिघाड शोधायला देईन, जो शोधेल त्याला मार्क. कपाटाची चावी माझ्या हातात हवी. पत्र जाऊन नऊ दिवस झाले. ओरल सोमवारी आहे, आणि मशीन गाडीत भरून ठेवली आहेत.